शिवड्यांची वाट कोणी बुजवली?

सोनिवलीच्या एका बिल्डरने हिरूदादाला फसवलं, मला फसवलं आणि नदीतल्या शिवडा माशांनाही फसवलं. हिरूदादाने माझ्यावर भरवसा ठेवला, मी बिल्डरवर ठेवला आणि शिवडे पाण्याच्या भरवशावर आले. तिघांमध्ये भांडता येणारी मी एकटीच, म्हणून हे लिहिते आहे.

या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या होत्या, 'सुमनताई, तुम्ही इतकी वर्षं उल्हासनगरच्या बाजारात नदीचे मासे विकलेत, काहीतरी गमतीदार लिहा.' गमती आहेत, त्याही लिहिते. बिल्डरचं नाव छापता येणार नाही, असं त्यांनी बजावलं. ठीक आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे त्याला शेठ म्हणतात. ज्याला कळायचं त्याला कळेल.

मी मूळची अंबरनाथच्या बुवापाड्यातली. नवऱ्याचा कारखाना बंद पडला आणि घरात बसून रडण्यापेक्षा मी डोक्यावर सुकटीची पाटी घेतली. नंतर ओल्या मासळीत शिरायला गेले, तर बाजारातल्या कोळणींनी मला जागा दिली नाही. 'कोयता धरायची पद्धत बघा हिची, कांदा कापायला बसलीय जणू,' असं मला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायच्या. मी भांडले, शिव्या दिल्या, शिव्या खाल्ल्या. शेवटी ध्यानात आलं की समुद्राच्या मासळीवर त्यांचं राज्य आहे, पण नदीच्या मासळीला त्या हात लावत नाहीत. चिखलाचा वास येतो म्हणतात. आणि उल्हासनगर तर सिंध्यांचं. सिंधी माणूस पापलेटला नाक मुरडेल, पण नदीचा जिवंत मासा दिसला की स्कूटर थांबवतो. मी गटाराच्या कडेला टब मांडला आणि बसले. तिथून मला कोणी उठवू शकलं नाही.

सिंधी बायका मला 'अदी' म्हणायच्या, म्हणजे बहीण. बहीण म्हणून घासाघीस मात्र सख्ख्या वैरिणीसारखी करायच्या. त्यांना मुख्यतः हवी असायची गाभोळी, म्हणजे माशाच्या पोटातली अंडी. त्यांच्यात तिला आनी म्हणतात आणि तिची भाजी पाहुण्यांना करतात. भगवंतीबाई म्हणून एक गिऱ्हाईक होतं. रोज तोच तमाशा.

"अदी, पेट दबाके दिखा. आनी है ना अंदर?"

"मैं दबाएगी तो बाहर आएगी, फिर तू बोलेगी खाली है."

"इतना भाव? सोना भरा है क्या?"

"सोना चाहिए तो सामने सोनार है. उसका भी पेट दबाके देख."

ती हसायची, दहा पावलं जायची, परत यायची. मी त्या दहा पावलांत कधीही भाव उतरवला नाही. धंद्यात मी शिकलेली पहिली गोष्ट ही.

पोट दाबण्याचं खरं म्हणजे एक शास्त्र आहे. अंगठ्याखाली पोट भिजवलेल्या कणकेसारखं लागलं तर गाभोळी पिकलेली. कडक लागलं तर कच्ची. रिकाम्या पिशवीसारखं सैल लागलं तर मादी अंडी सोडून आलेली, मग तिला कोणी विचारत नाही.

आता शिवडा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. त्याला खवले नसतात. अंग चपटं, रुपेरी, हात फिरवला तर ओल्या रबरासारखं. तोंड डोळ्यांच्याही मागे फाटत गेलेलं, त्यात बारीक दात, सगळे आत वळलेले. हात आत जातो सहज, बाहेर येताना सोलून निघतो. वरच्या ओठाला दोन लांब मिशा. मोठा शिवडा शाळेतल्या पोराएवढा लांब होतो. तो टबमध्ये धडपडत नाही. पडून राहतो आणि आपल्याकडे बघतो. माशाला पापणी नसते हे मला माहीत आहे, तरीही बाकीचे मासे नुसते पडलेले असतात आणि शिवडा बघत असतो.

उन्हाळाभर तो उल्हास नदीच्या खोल डोहात असतो. ओढ्यानाल्यांचं गढूळ पाणी जोराने नदीत उतरायला लागलं की त्याला त्या मातीची चव लागते, आणि तो पाण्याच्या उलट्या दिशेने वर चढायला लागतो. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून पाणी भरलेल्या भाताच्या खाचरात. तिथे गुडघ्याएवढ्या पाण्यात अंडी टाकायची आणि पाणी ओसरायच्या आत परत खाली उतरायचं. या चढण्याला आमच्याकडे वलगण म्हणतात. वलगण सुरू झाली की बदलापूर गावापासून वांगणीपर्यंत माणसं पाग, म्हणजे फेकायची जाळी, आणि टोपल्या घेऊन ओढ्यांवर तुटून पडतात, कारण चढणीचा मासा गाभोळीने भरलेला असतो आणि त्याला आजूबाजूचं भान नसतं. हाताने उचलला तरी उचलला जातो.

हे माझ्या धंद्याचे चार दिवस. तेवढ्यात मी घर चालवलं, मुलं शिकवली.

एक वलगणीचं गिऱ्हाईक मात्र गाभोळी नको म्हणायचं. लछमनदास काका. पांढरा लेंगा, हातात काठी, सिंधमध्ये लहानपण काढलेला माणूस. टबाशी उभा राहून एकच प्रश्न विचारायचा.

"अदी, चढ़ती की है या उतरती की?"

पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारा भाव पाडायला काहीतरी युक्ती करतोय. मी म्हटलं, "काका, मछली है, लिफ्ट नहीं है."

तो हसला नाही. टबात बघत राहिला. मग काठी माझ्या टबाकडे रोखून म्हणाला, "इनका मुँह देख. सब एक तरफ."

मी पाहिलं. टबात पाच-सहा मोठे शिवडे होते आणि सगळ्यांची डोकी एकाच बाजूला होती. बदलापूरच्या अंगाला, नदी जिकडून येते तिकडे. मी टब धरला आणि अर्धा फिरवला. मासे टबाबरोबर फिरले. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलून परत बघते तर सगळी डोकी पुन्हा बदलापूरकडे.

"धूप की वजह से होगा," मी म्हटलं.

"धूप कहाँ है?" काका म्हणाला. आभाळ काळं होतं.

माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात भूतखेत, अंगात येणं, उतारे टाकणं बंद. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. त्यालाही काहीतरी कारण असेल. पण त्या दिवशी मी टबावर ओलं गोणपाट टाकलं आणि विकेपर्यंत काढलं नाही.

काकाने मग सांगितलं की त्यांच्याकडे सिंधू नदीत पल्ला नावाचा मासा समुद्रातून चढायचा, सक्खरच्या बेटावर पीराच्या दर्शनाला जायचा आणि दर्शन घेऊन परतताना पीराकडे पाठ करायचा नाही, उलटा पोहत यायचा. लहानपणी सगळ्या मुलांना ही गोष्ट सांगत. मग नदीवर बंधारे झाले.

"फिर?" मी विचारलं.

"फिर क्या. मछली को कौन बताएगा? वह आती थी और दीवार पे माथा टेकती थी. मेरे चाचा ने देखा था. माथे का चमड़ा सफ़ेद हो जाता था, घिस-घिस के."

म्हणून त्याला उतरतीची मासळी हवी असायची, अंडी टाकून परत निघालेली. चढतीची त्याच्या घशाखाली जात नव्हती. उल्हासनगरात असं गिऱ्हाईक एकच. आणि असा मासा देणारा माणूसही मला एकच माहीत होता. हिरूदादा.

हिरूदादाची जमीन बदलापूरजवळ सोनिवलीच्या खालच्या अंगाला होती. भाताची खाचरं, मधून ओढा, ओढा पुढे नदीला. वाट चुकून मी एकदा तिथे पोचले आणि पाहते तर ओढ्यात बांबूची भोकशी लावलेली, म्हणजे मासा आत शिरतो आणि बाहेर येत नाही अशी निमुळती टोपली. पण तिचं तोंड उलटं, डोंगराकडे. चढणारा मासा तिच्या बाजूने सरळ निघून जात होता.

"दादा, उलटी लावलीत," मी म्हटलं. "मासा खालून येतो."

"ठाव हाय मना," तो म्हणाला. "खालून येतंय तो माजा नाय. वरशी उतरंल तो माजा."

"खालून येणाऱ्याला दुप्पट भाव देते."

"नाय गो."

"अडीचपट."

"बाय, ती पोटुशी हाय. पोटुशी बाई दारावर आली त तिला आडवी व्हशील का?"

मी बाजारातली नावाजलेली घासाघीस करणारी. कसायाकडून फुकटात काळीज आणलेलं आहे. पण या माणसासमोर मी वर्षानुवर्षं हरले. दर वलगणीला जायचे, भाव वाढवायचे, तो 'नाय गो' म्हणायचा आणि त्याची बायको बुधीबाई मला कोरा चहा द्यायची. शेवटी मी त्याच्याकडून उतरतीचेच मासे घेऊ लागले आणि ते लछमनदास काकाला विकू लागले. त्यात मला काही सुटत नव्हतं. तरी मी दर वर्षी जायचेच.

त्याच्या शेतात एक रीत होती. शिवड्यांची जोडी खाचरात आली की पाठ करायची. बघायचं नाही, बोलायचं नाही. पहिल्या वेळी मी बघायला पुढे सरले, तर त्याने माझ्या खांद्याला धरून मला वळवलं. दुपार होती. तो, बुधीबाई आणि मी, तिघं बांधावर शेताकडे पाठ करून उभे राहिलो. मागे आधी काहीच नाही. मग पाणी कापल्यासारखा आवाज. मग धप्. कोणी तळहाताच्या टाचेने ओल्या भिंतीवर मारावं तसा. थांबून पुन्हा धप्. दोन मासे एकमेकांना वेढे घालून शेपट्या आपटतात, त्याचा तो आवाज. माझ्या पोटऱ्यांवर पाणी उडत होतं. इतका जवळ आवाज आणि मागे वळायचं नाही. संपल्यावर हिरूदादा फक्त म्हणाला, "झाला. चला."

म्हणजे हजारो शिवडे माझ्या हातातून गेले, पण ते अंडी टाकताना मी कधी पाहिले नाहीत. फक्त ऐकले.

मग सोनिवलीत जमिनीचे भाव चढले. हिरूदादाच्या मुलांना शेती नको होती, त्यांचं सगळं बदलापुरात. त्यांच्यामागे शेठची माणसं लागली. हिरूदादा माझ्याकडे बाजारात आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. गर्दीने बावरलेला, टबाशेजारी उकिडवा बसला.

"सुमन, पोरां ऐकनात. इकायचा त हाय. तू बोली कर. तुज्यासारका बोलनारा कोन नाय."

माझी छाती फुगली. ज्याने मला कधी जिंकू दिलं नाही त्याने मला वकील केलं होतं.

"काय पाहिजे दादा? भाव मी बघते."

"भाव तू बघशीलच. मना वाट पायजे. शिवड्यांची वाट ऱ्हाव दे, येवढा बोल."

बोलणी हिरूदादाच्या शेतातल्या जांभळाखाली झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, थंडगार बाटल्या. शेठ माणूस गोड. माझ्या पाया पडला. भावावरून मी त्याला घाम फोडला, ते इथे सांगत बसत नाही. मग ओढ्यावर आले.

"ओढा उघडा राहिला पाहिजे. नदीपासून वरच्या खाचरापर्यंत. आणि वरची दोन खाचरं तशीच ठेवायची, भराव घालायचा नाही."

"मावशी, अहो आपल्या प्रोजेक्टच्या नावातच रिव्हर आहे! लोक ओढा बघूनच फ्लॅट घेणार. तुम्ही सांगाल तसं. दोन्ही बाजूंना झाडं लावतो, मध्ये छोटा पूल करतो. तुमच्या माशांना व्हीआयपी एन्ट्री!"

"हसू नका. शब्द द्या."

"दिला."

हिरूदादा उठला, ओढ्यात उतरला, ओंजळभर पाणी घेऊन आला आणि म्हणाला, "शेठ, हात." शेठने दोन्ही हात पुढे केले. हिरूदादाने त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं आणि म्हणाला, "जाव द्या आता." शेठने बोटं सैल करून पाणी ओढ्याकडे सोडलं. हिरूदादाच्या घराण्यात जमिनीची बोली अशीच व्हायची. त्यानंतर शेठने खिशातून रुमाल काढला आणि बोटांच्या बेचक्यांतूनही पुसला. मला ते खटकलं. पण मी बाजारातली बाई. आमच्यात बोली झाली की झाली. आदल्या दिवशी तोंडी ठरलेला माल दुसऱ्या दिवशी कोणी नाकारला तर त्याच्या टबापाशी कुत्रंसुद्धा उभं राहत नाही. शेठच्या धंद्यात तसं नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी स्वतः तिथे फ्लॅट घेतला. ओढ्याच्या बाजूचा, दुसऱ्या मजल्यावर, आणि त्या बाजूचा म्हणून जास्त मोजून घेतला. लोक म्हणतात मला तो दलालीत मिळाला. म्हणणाऱ्याने माझ्यासमोर म्हणून दाखवावं. धंदा थांबवला तेव्हा ठरवलं होतं, आता वलगण बाल्कनीतून बघायची आणि पाठ करायची.

एक-दोन पावसाळे शेठने शब्द पाळला. ओढा उघडा होता, कडेला बारकी झाडं होती. जोडी वर गेली की मी हिरूदादाच्या मुलाला फोन लावायचे आणि म्हातारा पलीकडून विचारायचा, "चढली?" मी म्हणायचे, "चढली." तो फोन ठेवायचा.

मग बिल्डिंगचा दुसरा टप्पा सुरू झाला. मी बहिणीकडे गेले होते. परत येते तर बाल्कनीखाली ओढा नाही. सिमेंटचे मोठे पाइप टाकून वर माती, मातीवर हिरवळ, हिरवळीवर चालायचा ट्रॅक. वरच्या खाचरांवर भराव आणि त्याभोवती भिंत. पाइप नदीच्या बाजूला उघडा आहे. दुसऱ्या टोकाला तो आमच्या पार्किंगखालच्या काँक्रीटच्या खड्ड्यात येऊन संपतो. चारही बाजूंनी भिंत, वर लोखंडी झाकण. भिंतीतल्या बारक्या भोकांमधून डोंगराचं पाणी त्या खड्ड्यात येतं आणि पाइपमधून नदीला जातं. म्हणजे पाण्याला वाट आहे. वर चढणाऱ्याला नाही.

मी शेठच्या ऑफिसात जाऊन आरडाओरडा केला. तो म्हणाला, "मावशी, ओढा कुठे बंद केला? फक्त झाकला. डास होत होते, तुमच्याच लोकांची तक्रार होती."

"आणि खाचरं?"

"ते प्लॅनमध्ये नव्हतंच कधी."

पुढच्या वलगणीला आवाज सुरू झाले.

दुपारी जेवून आडवी झाले होते. धप्. मला वाटलं कोणी वरच्या मजल्यावर कपडे आपटतंय. थांबून पुन्हा धप्. पण आवाज खालून येत होता, फरशीतून, पलंगाच्या पायांतून. मी उठून बसले. तो आवाज मी आधी ऐकला होता, बांधावर, पाठ करून.

फक्त हा वेगळा होता. त्या आवाजात पाणी होतं. यात काँक्रीट होतं.

बिल्डिंगमध्ये चर्चा सुरू झाली. कोणी म्हणालं पंप खराब. सेक्रेटरी कदमांनी प्लंबर आणला, प्लंबर झाकणाला कान लावून ऐकत बसला आणि पैसे न घेता गेला. तळमजल्यावरच्या एका बाईंनी झाकणावर लिंबू आणि हळदकुंकू ठेवलं. मी ते लिंबू उचलून फेकलं आणि त्यांना सांगितलं, "खाली मासे आहेत. वर जायला निघालेत आणि भिंतीवर डोकं आपटतायत." त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की भूत असतं तर बरं, असं त्यांना वाटलं असावं. तेव्हापासून लिफ्टमध्ये मी असले की त्या जिन्याने जातात.

आवाज दिवसभर चालायचा. मध्येच थांबला की घरं शांत व्हायची, टीव्हीचे आवाज कमी व्हायचे, सगळे वाट बघायचे. मग पुन्हा सुरू. पाणी ओसरलं की बंद. वॉचमनने झाकण उघडलं तेव्हा तळाला दोन मेलेले शिवडे होते. मी बघायला गेले. डोक्याची कातडी कपाळापासून मागपर्यंत सोललेली, खाली पांढरं हाड. मला लछमनदास काका आठवला. तो केव्हाच गेला होता. बरं झालं गेला.

हिरूदादाचा फोन आला. "चढली?"

मी म्हटलं, "दादा, शेठने वाट बंद केली."

तो म्हणाला, "तू बोली केली व्हतीस."

या वर्षी तो स्वतः आला. मुलाने रिक्षातून आणून सोडला. पाऊस सकाळपासून धरून होता, दुपारीच अंधारलं होतं आणि लाइट गेलेले. खड्डा भरून झाकण उचललं गेलं होतं आणि पार्किंगमध्ये गुडघाभर गढूळ पाणी. जिन्यावर लोक मोबाइलचे उजेड पाडत आपापल्या गाड्यांकडे बघत उभे. कदम वरच्या पायरीवर.

हिरूदादाने चपला काढल्या आणि पाण्यात उतरला.

"ओ आजोबा! मावशी, त्यांना वर घ्या, शॉक लागेल!"

"लाइट गेलेत कदम, शॉक कुठून लागणार?" म्हणत मीही उतरले.

त्या अंधारात तो म्हातारा चाचपडत नव्हता. एका सरळ रेषेत चालत गेला, दोन गाड्यांच्या मधून, मग काटकोनात वळला. वळण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. म्हणाला, "हितं बांध वळतंय." आणखी चार पावलं गेला आणि एका खांबाला हात लावून थांबला. "ह्यो माजे मोठे खाचरान उभा हाय."

खालचा धप् धप् आवाज थांबला.

झाकणापाशी पाणी फुगल्यासारखं झालं आणि तिथून एक सुरकुती आमच्या दिशेने निघाली. वारा नव्हता. कोणीतरी मोबाइलचा उजेड टाकला. दोन पाठी, शेजारी शेजारी, पाण्याबाहेर. पुढे दोन पांढरी कपाळं. गाड्यांच्या मधून, हिरूदादा ज्या रेषेने चालत आला त्याच रेषेने ती आली. त्याच ठिकाणी काटकोनात वळली. आणि आमच्या पायांपाशी, खांबाजवळ थांबली.

एक मिशी माझ्या घोट्याला लागून गेली. मी आयुष्यभर शिवडे हाताळले, पण किंचाळायची बाकी राहिले.

हिरूदादा हळू आवाजात म्हणाला, "पाठ करा." मी वळले. तो जिन्याकडे बघून पुन्हा म्हणाला, "सगल्यांनी. पाठ करा."

आणि लोकांनी केली. कदमांनी, लिंबूवाल्या बाईंनी, वॉचमनने, हातात मोबाइल धरलेल्या सगळ्यांनी. जिनाभर माणसं भिंतीकडे तोंड करून उभी, उजेड भिंतीवर. मागे पाणी कापलं गेलं. मग तोच आवाज, धप्, या वेळी पाण्यातला, माझ्या ओळखीचा. तो पार्किंगच्या छताला लागून चारही बाजूंनी परत येत होता, जणू सगळं खाचर तिथे भरलं आहे. किती वेळ चाललं कोणास ठाऊक. जिन्यावर कोणीतरी रडत होतं.

"झाला," हिरूदादा म्हणाला.

वळलो तेव्हा पाण्यावर फक्त वर्तुळं होती.

मग लाइट आले आणि कदमांनी पंप लावला. लावू नका म्हणून मी त्यांची कॉलर धरायची बाकी ठेवली, पण गाड्यांचं इंजिन जाईल म्हणून सगळे ओरडत होते. पाणी उतरत गेलं. आणि उतरलेल्या पाण्यामागे ती दिसायला लागली. खांबांवर, दुचाकींच्या स्टँडवर, गाड्यांच्या टायरांच्या खाचांमध्ये, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी चिकटलेली फिकट पिवळी अंडी. लाखभर असतील. उजेडात चमकत होती. एका माणसाने गाडी बाहेर काढली तेव्हा चाक फिरलं आणि तो आवाज मी ऐकला. त्याचं वर्णन करणार नाही.

वॉचमन फिनेल आणि पाइप घेऊन आला.

हिरूदादाने एका टायरवरून हाताने अंडी खरवडली, उरलेल्या पाण्यात ओंजळ बुडवली आणि ती भरलेली ओंजळ माझ्यापुढे केली. "घे," तो म्हणाला. "त्याला दे. इचार त्याला, वाट कुठं हाय. ह्यांना मी काय जबाब देव?"

मी स्टीलच्या डब्यात पाणी घेऊन ती अंडी शेठच्या ऑफिसात नेली. काचेचं टेबल, थंड हवा. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "सर साइटवर आहेत." मी म्हटलं, बसते. बसले. ऑफिस बंद होईपर्यंत साहेब साइटवरच. डब्यातली अंडी आधी पिवळी होती, मग एकेक करून दुधासारखी पांढरी होत गेली. मेली की ती अशी होतात. त्या मुलीने सांगूनही मी डबा उचलला नाही. तसाच तुमच्या टेबलावर ठेवून आले, शेठ. तो तुम्ही पाहिला असणार.

मला भरपाई नको. फ्लॅटच्या भावाचं भांडण मी वेगळं भांडेन. माझा प्रश्न तुमच्या हातांचा आहे. जांभळाखाली तुम्ही ओंजळ पुढे केली होती, त्यात पाणी घेतलं होतं आणि ते सोडताना कबूल केलं होतं. पुढच्या वलगणीला आमच्या पार्किंगमध्ये या. चपला जिन्यावर काढा. हिरूदादा खांबापाशी उभा असेल, तो नसला तर मी असेन. तुमच्या पायांपाशी पांढऱ्या कपाळाची जोडी येऊन थांबेल. तेव्हा पाठ करायची नाही. रीत मोडली तरी चालेल, तुम्ही तिच्याकडे तोंड करूनच उभे राहायचं, आणि वाट कुठे नेलीत ते तिला सांगायचं.